तत्त्वज्ञानाचा शेवटचा तास

अश्वजित यवतमाळहून एसटीनं घाटंजीच्या कॉलेजात शिकवायला जायचा. विषय तत्त्वज्ञान आणि नोकरी तासिका तत्त्वावर. दर जूनमध्ये नव्यानं मुलाखत, तीही तोच कोट इस्त्री करून. चाळिशी उलटली, कोटाचं अस्तर उसवलं, पण तो कायम काही झाला नाही.

यंदा मार्चमध्ये प्राचार्यांनी बोलावून चहा पाजला, तेव्हाच त्याला उमगलं. मुलंच येत नाहीत, म्हणून विषय बंद होणार होता. त्याला धड वाईटही वाटलं नाही. कप रिकामा झाला तरी तो हातात धरून तसाच बसून राहिला.

शेवटच्या तासाला दोघंच आले. शेतकऱ्याघरची वैष्णवी आणि तांड्यावरचा पूनमसिंग. अश्वजितनं पुस्तक उघडलं नाही. खुर्ची ओढून तो त्यांच्या बाकासमोर बसला.

"पोर्शन झाला. आता तुमीच सांगा, एवढ्या लोकांत तुमाले कोण आवडला? अन् काहून?"

पूनमसिंगला विचार करावा लागला नाही. "मले चार्वाक, सर. बाकी सारे म्हन्तेत, हे सोडा, ते सोडा. आमच्या घरी सोडाले हाये काय? हा एकटाच म्हन्ते, खाऊन घे, जगून घे."

वैष्णवी हसली नाही. "मले सॉक्रेटिस. घरी म्या विचारलं, लग्नाची एवढी घाई कायले? तं आई म्हने, लय शिकली तू! त्याले तं जहर पाजलं, सर, तरी त्यानं विचारनं सोडलं नाही." मग तिनंच विचारलं, "तुमचा कोन्ता?"

इतक्या वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. त्यानं चष्मा काढला, डोळे चोळले.

"बुद्ध," तो म्हणाला. मग, हे तर कुणीही ओळखलं असतं असं वाटून, पुढं बोलू लागला. "घरी लहानपणापासून वंदना. इथं आलो तं तोच अभ्यासक्रमात. रोज शिकवून शिकवून तो मले फळ्यावरचा वाटाले लागला होता. मंग माह्ये बाबा आजारी पडले. अंथरुणाले खिळले. एक दिवस मले म्हने, 'लोक म्हन्तेत, या देवरावचा पोरगा प्रोफेसर हाये. सांग बरं, दुःख कायनं येते?' म्या सुरू केलं, तृष्णेनं येते, बाबा. तृष्णा म्हनजे तहान. बाबा हसले. म्हने, 'मंग पानी दे ना, लेका!'"

पूनमसिंग हसला आणि लगेच थांबला.

"म्या पानी देल्लं. त्यायनं चमच्या-चमच्यानं घेतलं. तवा मले समजलं, हा बुद्ध देवापासून सुरू करत नाही, जग कोणं केलं याच्यापासूनही नाही. घरात कोणी कण्हून राह्यलं, तिथून सुरू करते. आधी विचारते, दुखते कुठं? थकलेल्या मान्साले असा कोणी जवळचा वाटते."

"हे पह्यले काहून नाही सांगितलं, सर?" पूनमसिंगनं विचारलं.

"परीक्षेत येत नाही," अश्वजित म्हणाला.

जूनमध्ये तो यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका गोदामात लागला. दिवसभर ट्रकमधला माल उतरवून घ्यायचा, पोती तपासायची. संध्याकाळी घरी आला की आई, तुळसाबाई, काही न विचारता ताट वाढायची. तो जेवायचा आणि भिंतीला टेकून डोळे मिटायचा.

गोदामातले भगवानराव म्हातारे, बोलके. एकदा डबा खाताना त्यांनी विचारलं, "पह्यले काय शिकवत होते म्हने तुमी?"

"तत्त्वज्ञान."

"म्हनजे काय असते ते?"

अश्वजितचे खांदे भरून आले होते. "आज नको, काका," तो म्हणाला. "उद्या सांगतो."

भगवानरावांनी मान हलवली आणि आपल्या डब्यातला अर्धा ठेचा त्याच्याकडे सरकवला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत अश्वजित आपणहून त्यांच्या शेजारी पोत्यावर जाऊन बसला.