जागेचा रकाना

मुलांनो,

तुमच्यातल्या थोरलीने गेल्या आठवड्यात मला एक यादी पाठवली. जगातली आर्थिक केंद्रं, पहिल्या क्रमांकापासून शेवटच्यापर्यंत. सोबत एक फॉर्म. तिच्या लंडनच्या ऑफिसात अशा याद्या करतात, आणि त्या त्या शहरात काम केलेल्या माणसांकडून गुण मागवतात. "आजी, तू इतकी वर्षं बँकेत होतीस, मुंबईचे गुण तूच दे. दहा मिनिटांचं काम आहे," असं तिने लिहिलंय. मी फॉर्म उघडला. कायदे, कर, शिकलेली माणसं, दळणवळण. पाचवा रकाना जागेचा. तिथे थांबले. हा रकाना मी पूर्वी एकदा भरलेला आहे. तो कसा भरला हे आधी सांगते. तुमच्या आईला मी हे कधी सांगितलेलं नाही.

लग्नानंतर मी ठाकूरद्वारला राहायला आले आणि तिथून चालत फोर्टला बँकेत जात असे. संशोधन विभागात मी टिपणं काढायची, तक्ते बनवायची आणि टाइप करायची. माझं माहेर लालबागचं. वडील लवकर गेले. दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा, गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागावर विणकाम करायचा. माझं कॉलेज त्याने केलं, आपली शाळा सातवीत सोडून. घरात इंग्रजी पुस्तकं फक्त माझी. त्यांना तो वर्तमानपत्राची कव्हरं घालून द्यायचा.

साचाखात्यात इतका आवाज की शेजारच्या माणसाची हाक ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसं नुसते ओठ हलवून बोलतात आणि ओठ बघून ऐकतात. दादाने मला लहानपणी ते शिकवलं होतं. चाळीच्या समोरच्या गॅलरीतून तो आवाज न काढता विचारायचा, "जेवलीस?" मी तशीच उत्तर द्यायची, "मासे नव्हते." आई म्हणायची, "काय मुक्यासारखी करताय दोघं?" पुढे माझं शिक्षण वाढलं, लग्न झालं, आणि ते बोलणं मागे पडलं.

मग गिरण्यांचा संप झाला. त्याबद्दल पुस्तकांत बरंच लिहिलेलं आहे, मी फक्त आमच्या घराचं सांगते. संप मिटला असं कुणी जाहीर केलं नाही. काही गिरण्या थोड्याफार सुरू झाल्या, दादाची झाली नाही. गेटला कुलूप राहिलं. तरी दादा सकाळी पहिल्या पाळीच्या वेळेला दाढी करून तयार व्हायचा आणि गॅलरीत बसायचा. वहिनी शिकवण्या घेणाऱ्या एका बाईंकडे स्वयंपाकाला जाऊ लागली. असं काही वर्षं चाललं.

त्याच सुमारास आमच्या साहेबांकडे एक काम आलं. परदेशी बँकांनी आशियात कुठल्या शहरात यावं, यासाठी बाहेरची एक सल्लागार कंपनी शहरांना गुण देत होती. मुंबईचं टिपण आमच्याकडे. सिंगापूर, हाँगकाँग प्रत्येक रकान्यात आमच्या पुढे. टेलिफोनला मी दहापैकी दोन लिहिले. इंग्रजी जाणणाऱ्या माणसांना आठ. तक्ता टापटीप होत होता, मला बरं वाटत होतं.

जागेच्या रकान्याशी साहेब थांबले. म्हणाले, "नरिमन पॉइंट भरला. जागा नाही असं लिहिलं तर आपण शर्यतीतून बाहेर. परळ-लालबागला गिरण्या पडून आहेत ना? तुमचं माहेर तिकडचंच. एखाद्या गिरणीची नीट माहिती काढा. किती जागा, रस्ता कुठून, पाणी आहे का. उदाहरण म्हणून जोडू."

त्या रविवारी मी लालबागला गेले. दादाला विचारलं, "तुमची गिरणी आत केवढी आहे रे?"

"कशाला गो?"

"बँकेला माहिती हवीय."

तो उठला, भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढलं, पान उलटं केलं आणि म्हणाला, "पेन दे."

दोन तास तो नकाशा काढत होता. गेट, टाइमकीपरची खोली, साचाखातं, सूतखातं, रंगखातं, मागचं तळं, बॉयलर, चिमणी. प्रत्येकाची लांबी-रुंदी पावलांत. शेजारचे दोघे-तिघे जमले. त्यातला एक सूतखात्यातला होता, तो म्हणाला, "दादानू, साचाखातं मैदानाएवढं नि आमचं खातं संडासाएवढं? तुम्ही साचेवाले कागदावर पण सोडत नाय!"

"गप रे. तुमच्या खात्यात उंदीर तरी मावायचा काय?" दादा म्हणाला, आणि खोडून ते थोडं मोठं केलं.

मी निघताना त्याने विचारलं, "बाय, बँक पैसे घालणार म्हणजे नवीन साचे आणणार का जुनेच चालवणार? जुने चांगले आहेत. सांग तुझ्या साहेबाला."

तेव्हा मला समजलं की त्याला काय वाटलं होतं. संप झाल्यापासून बँक गिरणी चालवायला घेणार, अशा अफवा तिथे दर महिन्याला उठायच्या. त्यात ही बहीण बँकेतून माहिती घ्यायला आली. जिन्यावर माणसं उभी होती. मी म्हणाले, "अजून काही ठरलेलं नाही." हे खोटं नव्हतं. मी तेवढंच बोलले आणि खाली उतरले.

सोमवारी मी नकाशा दुसऱ्या कागदावर नीट उतरवून घेतला, पावलांचे फूट केले. साहेब म्हणाले, "एक्सलंट." जागेच्या रकान्यात मी नऊ टाइप केले. इतका वरचा आकडा मुंबईला दुसऱ्या कुठल्याच रकान्यात नव्हता.

पुढच्या दोन महिन्यांत मी तीन वेळा लालबागला गेले आणि तिन्ही वेळा दादाला खरं सांगितलं नाही. तिसऱ्या वेळी कळलं की दादाच्या खात्यातल्या एका जुन्या मित्राने त्याला भिवंडीला पॉवरलूमवर बोलावलं होतं. राहायची सोय होती. दादाने नकार कळवला होता. गिरणी सुरू झाली आणि आपण हजर नसलो तर बदलीवाल्याला आपले साचे देतील, असं त्याचं म्हणणं. चाळीतल्या आणखी दोघांनाही त्याने थांबवलं होतं.

दुपारची वेळ होती. दादा दाराशी स्टुलावर बसून पेपर वाचत होता. वहिनी आत मोरीजवळ भांडी पुसत होती. ती हळूच म्हणाली, "वन्सं, तुम्ही तरी सांगा, कधी सुरू होईल? भिवंडीवाला फार दिवस थांबायचा नाही."

दादाला ऐकू जाऊ नये म्हणून मी आवाज काढला नाही. नुसते ओठ हलवले, "सुरू नाही होणार, वहिनी. ती जागा ऑफिसांसाठी लिहिलीय."

वहिनीला कळलं नाही. "काय?"

मी पुन्हा, सावकाश, एकेक शब्द सुटा करून तेच म्हटलं.

दादाने पेपरची घडी घातली. म्हणाला, "तिला नाय कळत ते. मोठ्याने सांग."

मी वीस वर्षं फोर्टमध्ये इंग्रजी टाइप करत होते. माझा भाऊ साचाखात्यातला आहे, हे मी विसरले होते. वहिनी एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. मी मोठ्याने सांगितलं नाही. दादाने चपला घातल्या आणि आधी, ज्यांना त्याने थांबवलं होतं, त्या दोघांच्या खोल्यांवर जाऊन आला. दुसऱ्या दिवशी तिघेही भिवंडीला गेले. तोवर तिथल्या जागा भरत आल्या होत्या. त्यांतल्या एकालाच काम मिळालं, तो दादा नव्हता.

त्यानंतर मला रडू आलं नाही. मी घरी गेले, भाजी निवडली, तुमच्या आईचा अभ्यास घेतला. तक्ता बाहेर गेला. त्या यादीत मुंबई कितवी आली हे आम्हाला कुणी कळवलं नाही, आणि मीही विचारलं नाही. दादा माझ्याशी बोलायचा, दिवाळीला ओवाळून घ्यायचा. फक्त गिरणीचं नाव घरात निघेनासं झालं. सकाळची दाढी त्याने सोडली. वहिनीने शेवटपर्यंत स्वयंपाकाची कामं केली.

बऱ्याच वर्षांनी गिरणी पाडली आणि काचेची इमारत उभी राहू लागली. मी लालबागला गेले होते. यंत्रांच्या आवाजात गॅलरीत काही ऐकू येत नव्हतं. दादा बोट दाखवून माझ्याकडे वळला आणि त्याचे ओठ हलले, "नकाशा बरोबर होता ना?"

मला ते वाचता आलं. मीही आवाज न काढता म्हटलं, "बरोबर होता."

त्याने मान हलवली आणि पुन्हा समोर बघू लागला. पुढच्या वर्षी तो गेला.

थोरले, त्या काचेच्या इमारतीत आता परदेशी बँकांची ऑफिसं आहेत. तुझ्या यादीत मुंबई ज्या क्रमांकावर आहे, त्यात त्या जागेचाही वाटा असणार. माझ्या टिपणामुळे तसं झालं असं मी मानत नाही. मी ते लिहिलं नसतं तरी दुसऱ्या कुणी लिहिलं असतं. पण दादाला मी सांगू शकले असते आणि सांगितलं नाही. ते दुसऱ्या कुणाचं काम नव्हतं. तुझा फॉर्म उद्या पाठवते. सगळे रकाने भरले आहेत, पाचवा सोडून.

कॅलेंडरच्या पानावरचा नकाशा माझ्या कपाटात सर्वांत वरच्या खणात आहे. गिरणीतलं आता काही राहिलेलं नाही, एक चिमणी सोडून. गेटपासून दोनशे दहा पावलं, डाव्या हाताला, दादाने दाखवलीय तिथेच ती आहे.