पुंडलिक वायरमनच्या घराचं लोड

पुंडलिकनं गारखेड्यात स्वतःचं दोन खोल्यांचं घर बांधलं, तोवर त्याच्या हातून शहरातली कितीतरी घरं उजळली होती. तो चिकलठाण्याच्या एका कारखान्यात वायरमन होता, आणि सुटीच्या दिवशी लोकांच्या घरची फिटिंग करायचा. घरात शिरला की आधी विचारायचा, काय काय चालवणार? बल्बचे साठ वॅट, पंख्याचे ऐंशी, इस्तरी असली तर तिचे साडेसातशे. बेरीज झाली की तिसरा हिस्सा सोडून द्यायचा. घरात सगळं एकाच वेळी कधी चालत नाही, ही त्याच्या कामातली रीत.

स्वतःच्या घराचं लोड, म्हणजे हीच बेरीज, त्यानं कोळशानं भिंतीवर मांडलं आणि त्यातलं काहीच सोडलं नाही. वर घराच्या चारी बाजूंना बाहेर चार दिवे धरले, शंभर-शंभर वॅटचे.

त्याची बायको सत्यभामा गिलाव्यावर पाणी मारत होती. "अवं, दोन खोल्यांना एवढं? पिठाची गिरणी काढायचीय का?"

"बाहेरचे रातभर जळतील. ते सोडता येत नाय."

"चोरालाबी मग वाट नीट दिसंल."

पुंडलिक हसला नाही.

कोपऱ्यात त्याची माय चंपाबाई बसली होती. सिल्लोडच्या पल्याड गावात ती एकटी राहायची. आता थकली होती. तिनं इथंच राहावं, म्हणून त्यानं तिला घर दाखवायला आणलं होतं.

"बाहेर दिवे लावशील तर मी राहायची नाय," ती म्हणाली. "सांजच्या गाडीत बसवून दे मला."

विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला, त्या पावसाळ्यात गावोगावच्या दलित वस्त्या पेटल्या होत्या. पुंडलिक तेव्हा नुकता कामाला लागला होता, आणि गावी जाऊन बापाच्या घराच्या दारावर बल्ब लावून आला होता. वस्तीतला तो पहिला दिवा. वस्ती जाळायला लोक आले तेव्हा पुंडलिक शहरात होता. लांबून गलका ऐकू आला तशी घरात सगळ्यांनी दारं लावून घेतली, आणि बाहेर तो दिवा तेवढा जळत राहिला. बाप, कडुबा, दिवा घालवायला दार उघडून गेला. परत आत आला नाही. चंपाबाई मागच्या भिंतीचा कूड फोडून मक्यात शिरली.

तेव्हापासून चंपाबाई दिवेलागणीला चूल विझवून बसायची. उजेडात तिला ती माणसं दिसायची. पुंडलिकला तीच माणसं अंधारात दिसायची. त्या रात्रीबद्दल मायलेकरं कधी बोलली नव्हती.

"उजेड असला की कोण आलं ते कळतं, माय."

"त्यांनाबी आपुन कळतो, पुंडलिका."

बाहेरून घोषणा देत पोरं गेली. विद्यापीठाला नवं नाव अजून मिळालं नव्हतं. आवाज विरेपर्यंत चंपाबाईनं पदर तोंडाशी धरला होता. ते पाहून पुंडलिकनं फडकं घेतलं आणि भिंतीवरचा पहिला शंभर पुसला, मग दुसरा. तिसऱ्यावर हात थांबला.

"तो दिवा म्या लावला व्हता, माय."

"दिव्याला कोण काय म्हनतंय. चांगला व्हता दिवा. बटन बाहेर मेढीच्या खांबाला व्हतं."

वायर आखूड पडली होती त्या दिवशी. तो पुन्हा येऊन आत घेणार होता. हे तिला सांगावं असं त्याला वाटलं.

"इथं आत दे," चंपाबाई म्हणाली. "माझ्या खाटेजवळ. चारीची बटनं."

त्यानं पुसलेले दोन्ही शंभर परत लिहिले.

चंपाबाई राहिली. घरभर फिरून चारी वायरी तिच्या उशाशी आल्या. मीटर बसलं त्या संध्याकाळी पुंडलिकनं सगळं एकदम लावून पाहिलं. फ्यूज टिकला. तो बाहेर उजेडात उभा होता, तोच आतून हाक आली.

"पुंडलिका, आधी आत ये."

तो आत आला, कडी लावली. मग तिनं एकेक करून चारी बटनं बंद केली. अंधारात तिघंही बसली. थोड्या वेळानं पुंडलिकचा श्वास मोठा व्हायला लागला, तसा खाटेवरून तिचा हात हलला आणि दिवे पुन्हा लागले.

पुढं ती होती तोवर रोज रात्री दिवे असेच जायचे-यायचे. गल्लीतली माणसं हसायची, म्हणायची, वायरमनच्याच घरची लाईन खराब आहे.