रुखवतवाल्याच्या घरचं रुखवत

गोकुळला माणसांचा राग नव्हता, गिऱ्हाइकांचा होता. पण लग्नसराईत त्याला गिऱ्हाइकांशिवाय दुसरी माणसं भेटतच नसत, त्यामुळं त्याच्या बायकोला, गोजरबाईला, हा फरक कधी कळला नाही.

उस्मानपुऱ्यातल्या एका गल्लीत त्याचं पत्र्याचं गोदाम. आत जमिनीपासून छतापर्यंत रुखवत. थर्माकोलचा किल्ला, थर्माकोलची विहीर, विहिरीवर पाणी ओढणारी बाहुली, सुक्या मेव्याचे नवरा-नवरी. काजूला डोळे काढलेले, खारकेला नऊवारी नेसवलेली. नवरीनं माहेरी बसून आपल्या हातानं करायच्या, मांडवात मांडायच्या आणि सासरी न्यायच्या अशा या वस्तू. गोकुळकडच्या वस्तू मांडवात मांडल्या जात आणि नवरी सासरी निघायच्या आधीच टेम्पोत बसून गोदामात परत येत. दर लग्नात फक्त नावाची पट्टी बदलायची. एकदा घाईत पट्टी बदलायची राहिली आणि आदल्या दिवशीच्या नवरा-नवरीच्या नावानंच सगळं रुखवत मांडलं गेलं. जेवणं उरकेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. गोकुळला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट, आपलं गिऱ्हाइकांबद्दलचं मत बरोबर असल्याचा पुरावा मिळाला म्हणून त्या दिवशी तो दोन घास जास्त जेवला.

फेब्रुवारीत चिकलठाण्याहून राजेंद्र नावाचे एक गृहस्थ आले. पुतणीचं लग्न होतं, मे महिन्यातलं.

"भाऊ, तगडं दाखवा काहीतरी. पाव्हणे पुण्याचे हायेत."

"नवरीला काय येतं करायला?" गोकुळनं विचारलं. हा प्रश्न तो प्रत्येकाला मुद्दाम विचारायचा.

"तिला? तिला टाइम कुठंय! ती कम्प्युटरमधी असती."

"मग पाव्हण्यांना काय सांगणार?"

"तिनंच केलं म्हणून सांगणार. बाकीचे काय सांगत्यात?"

गोकुळची मुलगी तनुजा तिथंच होती. तिनं पालखीची पिन बोर्डात लावून बटण दाबलं. मखमलीच्या पालखीत लाजणारी बाहुली, खांद्यावर दांडा घेतलेले चार भोई, कडेनं दिव्यांची माळ. भोई डावीकडून उजवीकडं डुलले, पालखीनं हेलकावा घेतला, माळ लाल-हिरवी झाली. राजेंद्रभाऊंनी लगेच मोबाइल काढून व्हिडिओ घेतला.

"हीच! बास. ऐसा चीज चाहिए."

गोकुळनं तारीख टिपून घेतली. चार बाहुले डुलले की यांचा जीव डुलतो, असं मनात म्हणाला आणि तोंडानं म्हणाला, "उत्तम निवड आहे."

खरं तर गोकुळ कागदाचा माणूस. त्याचा बाप सांडू अजिंठ्याकडं मेंढरं राखायचा. दुसऱ्याच्या कळपात मिसळू नयेत म्हणून मेंढरांच्या पाठीवर गेरूची खूण करायची असते. बाकीचे लोक बोटांनी फराटे ओढत. पोरगेल्या गोकुळनं बाभळीच्या ठोकळ्यात चाकूनं बाजरीचं कणीस कोरलं आणि त्याचा ठसा साऱ्या कळपावर उठवला. "सांडू, मेंढरं हायेत का लुगडी?" असं शेजारच्या कळपवाल्यानं विचारलं. सांडू खूश झाला नाही, पण ठसा त्यानं फेकूनही दिला नाही.

पुढं गोकुळ शहरात आला, एका छापखान्यात लागला, तिथून बाहेर पडून स्वतःची कार्डं करू लागला. कागदीपुऱ्याचा हातकागद, शिसवीवर कोरलेले ठसे, एका कार्डाला तीन किंवा चार रंग. पहिला वाळल्याशिवाय दुसरा टेकवायचा नाही. ठसा टेकवताना हात सरळ खाली आला पाहिजे आणि सरळ वर गेला पाहिजे. केसभर सरकला तर पानाचा हिरवा फुलाच्या लालात शिरतो आणि कार्ड बाद. डॉक्टर, प्राध्यापक, वकील दिवाळीला त्याच्याकडून शुभेच्छापत्रं नेत. लग्नपत्रिका तर लोक काचेत बसवून भिंतीला लावत.

मग मोबाइल आला. पत्रिकेत हत्ती नाचू लागले, नवरा-नवरीवर गुलाब पडू लागले. बोलावणारा एकदा बोट दाबायचा, बोलावलेला उलट अंगठा पाठवायचा. गोकुळचे ठसे पेटीत गेले आणि पोट भरायला त्यानं थर्माकोलशी सोयरीक केली.

मधल्या काळात शहरात कार्डं करायला शिकवणारे क्लास निघाले. त्याला जरा आशा वाटली. एका क्लासला तो मागच्या खुर्चीवर बसून आला. ठसे ऑनलाइन मागवलेले. फुलं तयार कापलेली. कागदाला मागून डिंक लावलेलाच. बायका पाठीवरची पट्टी सोलत होत्या, फूल चिकटवत होत्या आणि एकमेकींना "कित्ती सुंदर!" म्हणत होत्या. शेवटी प्रत्येकीनं कार्डाच्या मागं 'हँडमेड' असा ठसा मारला. तोही विकतचा.

"हातानं काय केलं म्हणायचं यांनी?" घरी येऊन तो गोजरबाईला म्हणाला. "पाकीट फोडलं."

"तुमचं चांगलं आन् जगाचं वाईट," गोजरबाई म्हणाली. "जेवा."

होळीच्या आसपास तनुजाचं लग्न ठरलं. तिनं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता आणि चिकलठाण्याच्या एका कंपनीत सर्किट तपासायच्या कामावर ती जायची. मुलगा जालन्याचा. तारीख निघाली ती नेमकी राजेंद्रभाऊंच्या पुतणीचीच. मेमधला दाट मुहूर्त होता. त्या दिवशी गोकुळच्या गोदामातली विहीर, किल्ला, सगळं आधीच भाड्यानं ठरलं होतं. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही.

"माझ्या पोरीच्या टेबलावर थर्माकोलचा एक दाणा दिसणार नाही," त्यानं जाहीर केलं. "एवढ्या मांडवांत मी खोटं मांडलं. एका मांडवात खरं मांडीन. लोकांनी बघू दे एकदा, हातचं काम काय असतं."

हे तो तनुजासाठी म्हणत होता, आणि ते खोटंही नव्हतं. पण ज्या कामावर त्यानं आयुष्याची चांगली वर्षं घातली, ते कुणाला तरी अजून हवंय का, हेही त्याला त्या टेबलावर एकदा बघायचं होतं. हे मात्र तो कुणाला बोलला नाही.

तो कागदीपुऱ्याला जाऊन जाड हातकागद घेऊन आला. पेटीतले जुने ठसे त्याला पसंत पडेनात, म्हणून नवे कोरले: कारल्याचा वेल, रुईचं पान, हिवाळ्यात येणारी धोबीण चिमणी, तुरीची शेंग. कागदाच्या डब्या अशा दुमडल्या की डिंकाचा थेंब लागला नाही. वेलदोड्याची डबी, जोडव्यांची डबी, हळदीकुंकवाची जुळी डबी, शालूची मोठी पेटी. प्रत्येकीबरोबर एक कार्ड, त्यावर तोच ठसा लहान आकारात. खोलीचं दार लावून तो काम करायचा. बाहेरून गोजरबाई म्हणायची, "संसाराला भांडी लागत्यात, कागद नाय." आतून ठसा टेकवल्याचा आवाज यायचा.

सगळं झाल्यावर त्यानं तनुजाला बोलावलं.

तिनं कारल्याच्या वेलाची डबी उचलली. झाकण काढलं, लावलं, परत काढलं. कडेला नख फिरवून बघितलं.

"लई भारी झालंय, दादा. झाकण कसं बसतंय बघा, हवा दाबून."

गोकुळची छाती फुगली.

"पण मला पालखी पायजे."

"कुठली पालखी?"

"आपली. डुलती ती."

"ती भाड्याची?" गोकुळला वाटलं, ती थट्टा करतेय. मग त्याला दिसलं की ती थट्टा करत नाही. "तनू, तू शिकलेली पोर. आहे काय त्या पालखीत? टिकल्या आन् गरम डिंकाचे ओघळ! आपल्या मेंढरांना दाखवली असती तर मेंढरांनी तोंड फिरवलं असतं."

"मेंढरांनी खाल्ली असती ती."

दारातून गोजरबाई हसली. गोकुळनं तिच्याकडं रागानं बघितलं, मग पोरीकडं. ज्या आवडीची तो जन्मभर टिंगल करत आला ती आवड त्याच्याच घरात जेवत-खात वाढली होती.

"दादा, तुम्ही गिऱ्हाइकाला विचारता, नवरीला काय येतं करायला. मला विचारा की."

"तुला काय विचारायचं?"

"त्या पालखीची मोटर जळाली तवा गियरची मोटर कुणी बसवली? आधी ती मिक्सरवानी थरथरायची, आता डुलती. चारी भोई मी नव्यानं केलेत. दिव्यांची माळ मी जोडलीय. दर लग्नातून ती मोडून यायची आन् पुढच्या नवरीसाठी मी नीट करायची. नवरीच्या हातचं मांडत्यात ना रुखवतात? ह्या डब्या तुमच्या हातच्या हायेत. ह्या मांडून मी केल्या म्हणू? मग माझ्यात आन् त्या राजेंद्रभाऊंच्या पुतणीत फरक काय राहिला?"

गिऱ्हाइकांना ठेवलेलं नाव त्याच्याच अंगाला येऊन चिकटलं होतं, आणि तेही बरोबर जागी.

"दोन्ही मांडा की," गोजरबाई म्हणाली. "टेबल काय लहान हाय?"

"त्या झगमगाटाशेजारी कागद ठेवला तर कागदाकडं कुत्रं बघायचं नाही," गोकुळ म्हणाला आणि गोदामाच्या पायरीवर जाऊन बसला. पोरीला अक्कल नाही, असं त्यानं स्वतःला पुष्कळ वेळा सांगून बघितलं. पटेना.

दुसऱ्या दिवशी त्यानं चिकलठाण्याला फोन लावला.

"राजेंद्रभाऊ, पालखीचा सेट नाही मिळायचा. घरच्याच लग्नाला लागतोय. दुसरा देतो."

"दुसऱ्यात काय हाय?"

"कागदाच्या डब्या. हातानं कोरलेले ठसे आहेत त्यावर, हातकागद आहे..."

"लाइट हाय का त्याला?"

"नाही."

"हलतंय का काही?"

"नाही हलत."

"हलत बी नाय म्हणं," पलीकडं राजेंद्रभाऊ कुणाला तरी म्हणाले.

"भाडं घेणार नाही," गोकुळ म्हणाला.

"आसं व्हय! मग काय बी ठेवा, भाऊ. टेबल भरलं म्हंजे झालं."

गोकुळनं फोन ठेवला. गिऱ्हाइकांना मनातल्या मनात द्यायच्या त्याच्या ठेवणीतल्या शिव्या होत्या. त्यातली एकही पुरेशी वाटेना.

लग्नाच्या दिवशी सकाळी डब्यांची खोकी घेऊन टेम्पो चिकलठाण्याला गेला आणि पालखी तनुजाच्या मांडवात आली. जेवणाची पहिली पंगत उठली तशा वरपक्षाच्या बायका टेबलाभोवती जमल्या. त्यातल्या एका मावशींनी चष्मा वर केला.

"अगंबाई, ही पालखी तर आमच्या जावेच्या भाचीच्या लग्नात होती की! भाड्याची दिसती."

गोजरबाईनं पदर तोंडाला लावला. गुलाबी फेटा बांधलेला गोकुळ खांबाच्या आडोशाला सरकला.

"तीच हाय, मावशी," मुंडावळ्या मागं सारत तनुजा म्हणाली. "तिकडं मागचा भोई पडला होता ना?"

"पडला म्हंजे! नवरदेवाच्या ताटात पडला, मठ्ठ्यात."

"मीच नीट केला तो. आता नाय पडत." तिनं पालखी उचलून आडवी केली, खालची पट्टी सरकवली. "ही मोटर. ही चाकं तिचा जोर वाढवत्यात आन् वेग कमी करत्यात. म्हणून डुलती. पहिली नुसती थरथरायची."

मावशी वाकल्या. त्यांच्यामागून आणखी दोघी वाकल्या. "आन् हा दांडा कशानं वर जातो गं?" एकीनं विचारलं. नवरदेवानं मोबाइलचा उजेड आत धरला.

खांबाआडून गोकुळ बघत होता. आजवर त्याच्या रुखवताचे फोटो सगळ्यांनी काढले होते. आत काय आहे असं कुणी विचारलं नव्हतं. पोरीच्या आवाजात जराही खोटेपणा नव्हता. एवढं त्यानं मान्य केलं, यापेक्षा जास्त नाही. रंग भयंकर होते आणि डावीकडचा भोई तिरका उभा होता.

पाठवणीला पालखी तनुजाच्या मांडीवर बसून जालन्याला गेली. गोजरबाई बहिणीच्या गळ्यात पडून रडत राहिली. गोकुळला रिकाम्या मांडवात थांबवेना. टेम्पोवाला चिकलठाण्याला निघाला तसा तो फेट्यासकट त्याच्या शेजारी जाऊन बसला.

तिथल्या लॉनवर खुर्च्या आवरणं चाललं होतं. डब्यांच्या टेबलाला कुणी हात लावलेला दिसत नव्हता. एका कार्डावर कुणीतरी मठ्ठ्याचा ग्लास ठेवून गोल डाग पाडला होता. गोकुळनं तोंड वाकडं केलं आणि एकेक डबी खोक्यात भरू लागला. शेवटी एक जागा रिकामी राहिली.

"कारल्याच्या वेलाची कुठं गेली?"

"कशाची?" राजेंद्रभाऊ आले.

"वेलदोड्याची डबी. दोन हिरव्या रंगांची. कार्डही नाही तिचं."

राजेंद्रभाऊंनी टेबलाखाली बघितलं, फुलांच्या ढिगात पाय घालून बघितलं, मग जरा ओशाळले. "बायका बायकांत कुणीतरी उचलली वाटतं, भाऊ. चोरीच म्हणायची."

गोकुळनं टेबलावरची ती रिकामी जागा हातानं चाचपली. त्याच्या धंद्यात वस्तू मोडल्या होत्या, जळाल्या होत्या, एका किल्ल्यावर तर लहान पोरानं लघवी केली होती. पण चोरीला काही गेलं नव्हतं. तसलं घरी नेऊन कोण काय करणार? आणि इथं चोरानं सगळ्या टेबलावरची नेमकी तीच डबी निवडली होती, जिच्यावर गडद हिरवा फिक्या हिरव्याला केसभरही न शिवता बसला होता. त्या एका डबीसाठी त्यानं आधीच्या कितीतरी बाद केल्या होत्या. म्हणजे या मांडवात, लाइट आहे का आणि हलतंय का विचारणाऱ्या या माणसांत, कुणीतरी एकजण डोळे उघडे ठेवून टेबलापाशी थांबलं होतं. आणि तेच चोर निघालं होतं.

"सगळ्यांच्या पिशव्या बघायला लावतो," राजेंद्रभाऊ म्हणाले. "पाव्हण्यांची बस अजून फाटकाशीच हाय. आमच्या नावाला बट्टा नको."

"नका," गोकुळ घाईनं म्हणाला.

"आवो, पाच मिनिटांत सापडंल!"

"म्हणूनच नका. सापडली तर मला परत न्यावी लागंल."