बुजवलेलं तळं

रंगाऱ्याच्या लेकीला घरात सगळे भिंगरी म्हणत, कारण पायाला भिंगरी लागल्यासारखी ती कायम बाहेर. बाहेर म्हणजे कुठे, तर वस्तीपलीकडच्या तळ्यावर. तळं दर वर्षी आटत चाललेलं, आणि ही दर उन्हाळ्यात काठावरचा गाळ बादलीनं घरी आणायची. तळ्याचं चित्र नुसत्या रंगानं नाही, तळ्यानंच काढायचं, असा तिचा हट्ट. गाळ, पोत्याचे तुकडे, गंजका पत्रा, मोडक्या होडीची फळी, त्यावर डिंक नि चुना, आणि मग कुठे रंग. तिची आई म्हणायची, लोकांच्या घरातून कचरा बाहेर जातो, आपल्याकडे वाजतगाजत आत येतो.

रंगाऱ्याला मात्र लेकीचा कोण अभिमान. तिच्या चित्रांतलं त्याला ओ की ठो कळत नसे, पण ऐकणारा सापडला की तो त्याला सुटू देत नसे. स्वतः जन्मभर लोकांच्या भिंती रंगवलेला माणूस. भिंतीला भेग दिसली की त्याला घास गोड लागायचा नाही.

यंदा शहरातल्या मोठ्या कलादालनानं भिंगरीला समोरची अख्खी भिंत दिली. तिनं दाराएवढ्या फळ्या जोडल्या, त्यांवर जाड गाळ थापला आणि उन्हाळाभर अंगणात वाळू दिला. गाळ तडकला, उलला, चित्र तयार झालं. ते न्यायला टेम्पो ठरवायचा म्हणून ती बाहेर पडली.

तेवढ्यात रंगारी अंगणात आला. बघतो तर चित्रभर भेगा. चार मोठी माणसं बघायला येणार आणि पोरीचं काम असं तडकलेलं? त्याचे हात शिवशिवले. जित्याची खोड, दुसरं काय! त्यानं पुट्टी कालवली, एकेक भेग निगुतीनं भरली, घासली, वरून गाळाच्या रंगाचा हात मारला. ती परतली तेव्हा डावीकडचं अर्धं चित्र गुळगुळीत झालं होतं, आणि तो शाबासकीची वाट बघत उभा होता.

भिंगरीनं बुजवलेल्या भेगांवरून बोट फिरवलं.

"त्या भेगा मला हव्या होत्या, बाबा. त्यासाठीच उन्हाळाभर थांबले होते."

 रंगारी पुट्टी खरवडून काढायला गेला, तर गाळाचे पापुद्रेच निघायला लागले. तिनं त्याचा हात धरला. नवं करावं तर तळं बुजवायला घेतलेलं, काठावर रोज ट्रक राडारोडा ओतत होते. तसा गाळ पुन्हा मिळायचा नव्हता. बायको त्याला काय काय बोलली ते न सांगितलेलंच बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भिंगरी तळ्यावर गेली आणि आली ती वेगळाच चेहरा घेऊन. अर्ध्या तळ्यावर भराव टाकून रोलर फिरवलाय, तिनं सांगितलं. तिथं कधी पाणी होतं हे कुणाला सांगून पटणार नाही.

"तुम्ही जे केलंय ना, तेच आहे तिथं," ती म्हणाली. "आता आणखी सपाट करा. आणि मी सांगते तिथं एकदम थांबा."

दिवसभर बापलेक अंगणात होते. रंगारी दर हाताला लेकीकडे बघून मगच पुढे सरकत होता. ती म्हणाली तिथं तो थांबला, आणि पुढची एकही भेग त्यानं बुजवली नाही.

कलादालनात लोक नेमके तिथंच अडकायचे, जिथं सपाटी संपून भेगा सुरू होत. एक म्हातारी बाई चित्राखालचं तळ्याचं नाव वाचून बराच वेळ उभी राहिली. मग सपाट भागाकडे बोट दाखवून म्हणाली, इथं मी पोहायला शिकले. थोड्या वेळानं तिनं विचारलं, एवढं साफ काम कुणाच्या हातचं? भिंगरीनं बापाला पुढे केलं.

उभ्या जन्मात रंगाऱ्याच्या भिंतीपुढे असं कुणी थांबलं नव्हतं. अंगावर मूठभर मांस चढलं, ते का नाकारायचं? पण त्यानं म्हातारीच्या कोपराला हात देऊन तिला उजवीकडे नेलं.

"सपाट काय, कुणीही करेल, ताई," तो म्हणाला. "या भेगा बघा. माझ्या लेकीनं राखल्यात."