पूर्णा जंक्शनची शिखर परिषद

मास्तरांना कुणी कसलाही शब्द दिला की ते आधी तो शब्द जसाच्या तसा परत म्हणत आणि मग विचारत, "नंबर?" सुतार म्हणाला, सोमवारी येतो, की मास्तर म्हणणार, "सोमवारी येतो. नंबर?" सुतार बिचारा गोंधळून तोंडाला येईल तो आकडा सांगायचा. तेवीस म्हणा, एकसष्ट म्हणा. मास्तर तो आकडा परत म्हणत, घड्याळात बघत आणि भिंतीवरच्या कॅलेंडरला दोरीनं बांधलेल्या पेन्सिलीनं आकडा आणि वेळ लिहून ठेवत. सोमवारी सुतार उगवला नाही की मंगळवारी मास्तर त्याच्या दुकानासमोर उभे राहून "तेवीस, दहा वाजून चाळीस" एवढंच म्हणत आणि निघून जात. पूर्णेतले निम्मे सुतार आणि नळवाले त्यांना लांबून पाहिलं तरी गल्ली बदलायचे.

हे वेड रेल्वेनं लावलेलं. मास्तर म्हणजे स्टेशन मास्तर. शाळेचा मास्तर मी होतो, पण गल्लीत मला 'सर' म्हणून निकालात काढलं होतं. त्या काळी इकडची लाइन एकेरी होती. गाडी सोडायची तर पुढच्या स्टेशनाला फोन करून लाइन मोकळी आहे का ते विचारायचं. पुढचा मास्तर 'लाइन क्लिअर' म्हणायचा आणि आपल्या जवळच्या गुप्त यादीतला एक नंबर सांगायचा. ऐकणाऱ्यानं तो परत म्हणायचा, वेळेसकट लिहायचा, तेव्हा कुठं गाडीला सिग्नल. "तोंडानं कुनी बी हो म्हनतंय," मास्तर सांगायचे. "नंबर दिला की मान अडकती."

पुढच्या छोट्या स्टेशनावर पेडगावकर मास्तर होते. गाव पेडगाव, घरी भरपूर शेती, बोलायला गोड माणूस. हे दोघं एकाच साली नोकरीला लागले, ट्रेनिंगला एका खोलीत राहिले आणि एका ताटात जेवले. मास्तरांचं घर छप्पन सालापासूनचं बौद्ध, पेडगावकरांचं घराणं मोठ्या वतनदारांचं. पण ट्रेनिंगच्या खोलीत याची आठवण करून द्यायला कुणी नव्हतं. पुढं मास्तरांनी पूर्णेत घर बांधलं. गृहप्रवेशाला पेडगावकर आले ते स्टीलचा भला मोठा तांब्या घेऊन. त्यावर रीतसर नाव घातलेलं होतं, 'पेडगावकर यांजकडून सप्रेम भेट'. सोबत त्यांचे चुलते होते. काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नीनं, मोठ्या कौतुकानं त्याच तांब्यात पाणी आणून पुढं केलं. पेडगावकरांनी चुलत्यांकडं पाहिलं आणि म्हणाले, "आज मंगळवार. माझा उपास हाय, वहिनी."

उपासाला पाणी चालतं हे काकूंना ठाऊक होतं. त्या तांब्या घेऊन आत गेल्या. संध्याकाळी मास्तर ड्यूटीवर निघाले, तर स्टेशनाबाहेर अप्पाच्या हॉटेलात पेडगावकर चुलत्यांसोबत भजे खात बसलेले. मास्तर ते बघून सरळ स्टेशनात गेले. तांब्या त्याच रात्री फळीवर सगळ्यात वर चढला.

त्यानंतर अकरा वर्षं दोघं एकमेकांशी रोज बोलले आणि एकदाही बोलले नाहीत. फोनवर गाडीचं नाव, लाइन क्लिअर, नंबर आणि वेळ, बस्स. 'कसा आहेस' नाही की 'जेवलास का' नाही. पण त्या अकरा वर्षांत रागापायी एक गाडी एक मिनिट उशिरा सुटली असं झालं नाही. मी एकदा मास्तरांना विचारलं, हे जमतं कसं. ते म्हणाले, "भांडन माझं हाय, सर. गाडीतल्या लोकाचं न्हाई." निवृत्तीनंतर पेडगावकरांनीही पूर्णेतच, रुळांच्या पलीकडं घर बांधलं. मास्तर सकाळी अप्पाच्या हॉटेलात बसत, पेडगावकर संध्याकाळी. हे वेळापत्रक कुणी ठरवलं नव्हतं, पण रेल्वेच्या कुठल्याही वेळापत्रकापेक्षा ते चोख पाळलं जाई.

त्या वर्षी अमेरिका आणि उत्तर कोरिया यांचे पुढारी सिंगापुरात भेटणार होते. पेरणीचे दिवस, बी-बियाणं घ्यायला आलेली माणसं, आणि अप्पाच्या हॉटेलातला टीव्ही सकाळपासून तापलेला. सगळ्या पूर्णेला अचानक कोरियाची काळजी लागली. एकाचं म्हणणं, आता डिझेल उतरणार. बोरीहून मुलीच्या सासरी आलेल्या एका शेतकऱ्यानं विचारलं, खताच्या गोणीवर काही फरक पडेल का, आणि नाही म्हटल्यावर त्यानं टीव्हीकडं पाठ फिरवून चहा प्यायला. एक तरुण म्हणाला, कोरियावाला लय डेरिंगबाज हाय. अप्पा म्हणाला, दोघांचेही केस बघा, असल्या केसांच्या माणसांचा भरवसा धरू नये. एवढ्यात पडद्यावर दोघांनी हात मिळवले आणि हॉटेलात टाळ्या पडल्या, जणू पोरगी आमच्या घरची दिली होती.

निवृत्त गार्डसाहेबांचे तर डोळे भरून आले. आपल्या जन्माआधीची दुश्मनी एका हातात मिटली, असं ते म्हणाले. कोपऱ्यात बसलेल्या मास्तरांनी बशी खाली ठेवली.

"नंबर कुनी दिला?"

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. "हात धरला ते दिसलं. लाइन क्लिअर कुनी दिली, नंबर कितीचा, टायम काय, ते सांगा." पुढं कितीतरी दिवस टीव्हीवर टाय बांधलेली माणसं या भेटीवर बोलत होती, त्यांतल्या एकालाही इतका नेमका प्रश्न सुचला नाही.

पण त्या प्रश्नानं गार्डसाहेबांच्या डोक्यात भलताच दिवा लागला. अमेरिका आणि कोरिया भेटू शकतात तर आपले मास्तर आणि पेडगावकर का नाही? दुपारपर्यंत समिती झाली. गार्डसाहेब अध्यक्ष, अप्पा चहाचा यजमान आणि अक्षर बरं म्हणून मी सचिव. जागा अप्पाचंच हॉटेल, कारण ते दोन्ही घरांपासून सारख्याच अंतरावर होतं. गार्डसाहेबांनी ते पावलांनी मोजून पाहिलं. खुर्च्या एका उंचीच्या हव्यात म्हणून मी शाळेतून आणल्या. झेंडे हवेतच, म्हणून गार्डसाहेबांनी नोकरीतले आपले झेंडे काढले. लाल कुणाच्या मागं लावायचा यावर अर्धा तास गेला आणि शेवटी कुणाकडून तरी दुसरा हिरवा मागून आणला.

सचिव या नात्यानं मी दोन्ही घरी गेलो. पेडगावकरांची अट काहीच नव्हती. तुम्ही म्हणाल तसं, असं म्हणून त्यांनी मला लाडू दिला. मास्तरांकडं गेलो तेव्हा ते कॅलेंडरसमोर उभे होते. माझं सगळं ऐकून घेतलं आणि फळीकडं बोट करून म्हणाले, "हात मिळवायची गरज न्हाई. शाल-नारळ नको. त्यानं एकदा माझ्या घरी यावं आन् त्या तांब्यातलं पानी प्यावं. त्या दिवशी माझी बायको हातात तांब्या धरून उभी व्हती, सर. तेवढंच हाय." मी म्हटलं, सांगतो. ते म्हणाले, "सांगतो. नंबर?" मी म्हटलं, सदतीस. त्यांनी लिहून घेतलं.

मी ते गार्डसाहेबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, हा विषय काढला तर जातीपातीवर जाईल, गावात नसता बखेडा होईल, आधी हात तर मिळू द्या, पाण्याचं पुढच्या बैठकीत बघू. मला ते पटलं. खोटं कशाला सांगू, मला बरंच वाटलं. माझं घरही जातीनं पेडगावकरांच्याच बाजूचं. माझ्या आजोळीही असे 'उपास' पुष्कळ पाहिलेले. मी विषयपत्रिकेवरचा तो एकच मुद्दा खोडला आणि पेडगावकरांना त्याबद्दल अक्षर सांगितलं नाही. भांडणाचं कारण तेवढं वगळून भांडण मिटवायला आम्ही मोकळे झालो.

परिषद रविवारी सकाळी भरली. स्टेशनावरच्या हमालांपासून नगरपालिकेच्या कारकुनांपर्यंत झाडून सगळे हजर. मास्तर पांढऱ्या शर्टात आले आणि त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं. मी कागदात डोकं घातलं. दोघांनी हात मिळवले. फोटो हलला म्हणून परत मिळवायला लावले. तिसऱ्यांदा एका हमालाचा फोन उशिरा निघाला म्हणून मिळवले. मी संयुक्त निवेदन वाचलं. त्यात 'सलोखा' हा शब्द चार वेळा होता आणि 'पाणी' एकदाही नव्हता. मग चहा आला. पेडगावकरांना खरोखरच भरून आलं असावं, कारण त्यांनी ट्रेमधला कप स्वतः उचलला आणि मास्तरांपुढं धरला.

मास्तरांनी कपाकडं पाहिलं. "आज माझा उपास हाय," ते म्हणाले.

मास्तरांनी जन्मात उपास धरला नव्हता आणि वार रविवार होता. हॉटेलभर हशा उसळला, गार्डसाहेबांनी मास्तरांची पाठ थोपटली. पेडगावकरांच्या हातातला चहा बोटांवर सांडला. त्यांनी कप खाली ठेवला आणि मग कितीतरी वेळ पंच्यानं बोटं पुसत राहिले. समितीत त्या वाक्याचा अर्थ कळणारा, गार्डसाहेब सोडले तर, मी एकटाच होतो. सगळ्यांबरोबर मीही हसलो.

परिषद यशस्वी झाली हे सांगायला नकोच. फोटो पूर्णेतल्या प्रत्येक फोनवर गेला. गार्डसाहेबांनी तो मोठा करून, काचेत मढवून हॉटेलात लावला. त्या फोटोखाली मास्तर सकाळी बसू लागले आणि पेडगावकर संध्याकाळी. पुढं ते दोन पुढारीही परत एकदा भेटले आणि काही न ठरवता आपापल्या विमानात बसले. मास्तरांनी पेपरची घडी घातली आणि म्हणाले, "नंबर न्हवता ना." मला मात्र ते सदतीस कधी म्हणाले नाहीत. माझ्या घरासमोर येऊन उभे राहिले असते तर बरं झालं असतं. कॅलेंडरच्या त्या पानावर आकडा होता, पुढच्या वर्षी कॅलेंडर बदललं आणि ते पान त्यांनी घडी करून कपाटात ठेवलं, असं मला काकूंकडून पुढं कळलं.

मास्तर थंडीत गेले. सकाळी हॉटेलातून आले, छातीत दुखतंय म्हणाले आणि नांदेडच्या वाटेवरच संपले. पेडगावकर स्मशानापर्यंत आले, मागं उभे राहिले आणि मागच्या मागं निघून गेले. दुसऱ्या दिवशी मी रूळ ओलांडून त्यांच्या घरी गेलो आणि खोडलेला मुद्दा त्यांना सांगितला. पाण्याचा, तांब्याचा, काकू उभ्या होत्या त्याचा. ते ओसरीवर बसून ऐकत होते.

"हे तवाच का न्हाई सांगितलं?"

मग तेच म्हणाले, "सांगितलं असतं तरी आलो असतो का, ते बी छातीवर हात ठिवून सांगता येत न्हाई म्हना."

मास्तरांच्या जलदानविधीच्या दिवशी बुद्धवंदना झाली, आलेली माणसं जेवायला बसली, आणि पेडगावकर दारात उभे राहिले. बरोबर कुणी नव्हतं. मास्तरांच्या फोटोला फूल वाहून ते सतरंजीवर टेकले आणि म्हणाले, "वहिनी, पानी द्या."

काकू म्हणाल्या, "आज मंगळवार हाय, भाऊजी."

"म्हाईत हाय."

काकूंनी स्टूल ओढलं. मी पुढं झालो तर मला हातानंच थांबवलं. स्वतः चढून त्यांनी वरच्या फळीवरचा तांब्या काढला, पदरानं पुसला, भरून आणला आणि त्या दिवशीसारखाच दोन्ही हातांनी पुढं धरला. पेडगावकरांनी आपलं नाव वाचलं. मग सगळा तांब्या रिकामा केला, मध्ये श्वासाला न थांबता, आणि खाली ठेवून फोटोकडं बघून हळूच म्हणाले, "नंबर बेचाळीस."

ऐकणाऱ्यानं नंबर परत म्हणायचा असतो. फोटो काही बोलणार नव्हता. जेवणाऱ्यांना काही उमजलं नाही. कुणी फोनही काढला नाही.

"बेचाळीस," काकू म्हणाल्या. कॅलेंडरजवळ जाऊन त्यांनी दोरीची पेन्सिल हातात घेतली आणि भिंतीकडं तोंड करूनच विचारलं, "टायम सांगा, भाऊजी. लिवायचा असतोय."

पेडगावकरांनी घड्याळाकडं पाहिलं. ते समोरच होतं, चांगलं चालू होतं. त्यांना वेळ सांगता येईना.