आत्यांनी फोनवरून सांगितलेला सामना

सोलापूरच्या पूर्व भागात आम्ही राहत होतो तेव्हाची ही गोष्ट. सत्तरच्या दशकाची मधली वर्षं. लग्न होऊन मी करमाळ्याकडून इथे आले त्याला दोन वर्षं झाली होती. पहिल्या खेपेचे दिवस टिकले नव्हते. आता दुसऱ्यांदा सातवा महिना लागला होता. माहेरी न्यायला वडील आले, पण दवाखान्यातल्या बाईंनी त्यांना तसंच परत पाठवलं. एसटीचे हादरे नकोत, जास्त चालणं नको, ओझं तर मुळीच नको. त्यामुळे मी सासरीच राहिले. एक खोली आणि समोरचा ओटा एवढंच माझं फिरणं.

सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. त्या बिड्या वळायच्या. सकाळी वळलेल्या बिड्या कारखान्याच्या शाखेत द्यायच्या, पानं-तंबाखू घ्यायची आणि पुन्हा मांडीवर सूप घेऊन बसायचं. बोलणं कमी, हात भरभर. पण हुतुतूचा विषय निघाला की बाई वेगळी व्हायची. कबड्डी हा शब्द त्यांना पटला नव्हता. वळसंगला लहानपणी देवळापुढच्या मातीत त्यांनी हा खेळ पाहिला होता. चढाईला निघालेल्या गड्याचा पाय कुठे पडला की तो सापडणार, हे त्या आधीच सांगायच्या आणि बहुतेक वेळा खरं व्हायचं.

बिडीची शाखा आमच्या बोळाच्या तोंडाशीच होती. तिच्या मागे मोकळं मैदान. दरवर्षीच्या स्पर्धेचे सामने, अगदी अंतिमसुद्धा, तिथेच व्हायचे. शाखेच्या शेडच्या मागच्या पडवीत बायका ओळीनं बसायच्या. मांडीवर सूप, नजर मैदानावर. कुणाला घरी विचारावं लागायचं नाही, कारण कामावरच तर असायच्या.

त्या वर्षी आमच्या बोळाचा संघ पहिल्यांदा अंतिम सामन्यात पोचला. मागावर काम करणारी, पिठाच्या गिरणीत राबणारी साधी पोरं. आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी बातमी आली की यंदाचा अंतिम सामना आपल्या मैदानावर नाही. शहराच्या मधल्या मोठ्या मैदानावर, गॅलरी असलेल्या, तिकीट लावून. रेडिओवाल्यांनाही बोलावणार आहेत म्हणे.

दोन-तीन दिवस बोळात दुसरा विषय नव्हता. आमचे हे म्हणायचे, "मोठं मैदानच बरं. हितल्या मातीत खडे आहेत, पोरांचे गुडघे सोलून निघतात." चहाच्या टपरीवर कुणी म्हणायचं रेडिओवर अख्खा सामना ऐकवतील, कुणी म्हणायचं क्रिकेटचं ऐकवतात, मातीतल्या खेळाचं कशाला ऐकवतील. शाखेत बायकांचं वेगळंच. "तितं आमी जायाचं कसं? पुरुषांच्या गर्दीत उभं ऱ्हायाचं? काम कोन करनार?"

आत्या संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसल्या. "तू सातवी पास हायेस. अर्ज लिही."

"कुणाला?"

"त्या स्पर्धेच्या चिटणीसाला. लिही की आमी बायका पंधरा वर्सं हा खेळ बगतोय. तुमच्या त्या खुर्चीवाल्यांनी एकदा तरी लोण कशाला म्हंत्यात ते सांगून दाखवावं, मग मैदान हलवावं."

मी लिहिलं, "महोदय, आम्ही महिला प्रेक्षक नम्र विनंती करतो की..." वाचून दाखवल्यावर त्या म्हणाल्या, "ह्यात माझं बोलनं कुटं गेलं?" पण हसल्या आणि कागद घेऊन सह्यांना निघाल्या. सह्या कसल्या, बहुतेक अंगठेच.

सगळ्यांनी अंगठे दिले. फक्त आमच्या शेजारच्या अक्कानं दिला नाही. अक्का तेलुगू, आत्यांबरोबर वर्षानुवर्षं बिड्या वळणारी, आणि तिचा मुलगा आमच्या संघाचा डावा कोपरा सांभाळायचा. कागद बघून तिनं तो परत सरकवला. आत्या म्हणाल्या, "का गं?"

अक्का हळूच म्हणाली, "तिथं मिलचे साहेब येणार म्हणतात. चांगल्या पोरांना मिलमधे घेतात. माझ्या पोराला कुणी बघितलं तर..."

आत्यांनी कागदाची घडी घातली. ती पदरात बांधून ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिटणिसांकडे गेल्या त्या आमच्या ह्यांना सोबत घेऊन. तिथे काय झालं ते ह्यांनीच मला सांगितलं. चिटणीस म्हणजे एक म्हातारे व्यायामशिक्षक. मोठ्या मैदानाच्या कडेला एक लहान ऑफिस होतं, तिथे ते बसायचे. त्यांनी विचारलं, "काय काम आहे, बाई?" अर्ज आत्यांच्या पदरातच राहिला. त्या म्हणाल्या, "सामना हितंच, मोठ्या मैदानावर होऊ द्या. त्याला काय बी म्हननं न्हाय. पन आमच्या बायकांना त्यो ऐकू आला पायजे."

"रेडिओ केंद्राला पत्र दिलंय आम्ही. रविवारी खेळाच्या बातम्यांत दोन मिनिटं देतील बहुतेक."

"दोन मिंटात पानी बी तापत न्हाय, साहेब."

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. चिटणीस बोलले, त्यांनी फोन ठेवला. आत्या त्या काळ्या फोनकडे आणि त्याच्या मागच्या खिडकीकडे बघत होत्या. खिडकीतून पांढऱ्या फक्कीनं आखलेलं मैदान समोर दिसत होतं.

"आमच्या बिडीच्या शाखेत बी असाच हाय," त्या म्हणाल्या. "ह्यातनं त्यातलं ऐकू येतंय न्हवं?"

चिटणीस आधी हसले. मग हसायचे थांबले. "येतं की," ते म्हणाले.

शाखेचा मॅनेजर स्वतःच खेळाचा वेडा होता. त्यानं मांडववाल्याला गाठून कर्णा आणि माईक आणवला. ठरलं असं: सामन्याच्या वेळी तिकडे फोन खिडकीत धरायचा, म्हणजे मैदानावरच्या लाउडस्पीकरवरचं निवेदन त्यातून येईल. इकडे रिसीव्हरला माईक बांधायचा आणि कर्णा पडवीत टांगायचा.

फोन धरायला कोण जाणार? सगळ्यांनी आत्यांकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "मी न्हाय. ही अशी अवघडलेली. हिला सोडून मी कुटं जात न्हाय."

मी म्हटलं, "आत्या, मी शेडमध्येच बसेन. सगळ्या बायका आहेत. अक्का आहे. तुम्ही नाही गेलात तर खिडकीत दुसरं कोण बसणार?"

"अक्का तर सामन्याला जानार असंल."

अक्कानं नकारार्थी मान हलवली. तेव्हा मला कळलं की तिनं स्वतःच्या मुलाचा खेळ कधीच पाहिला नव्हता. इतकी वर्षं पडवीत आत्यांच्या शेजारी बसून ती मैदानाकडे पाठ करून बिड्या वळायची. पोरगा खाली पडलेला तिला बघवायचा नाही.

सामन्याच्या दिवशी चार वाजता आम्ही शेडमध्ये जमलो. मला भिंतीला टेकून बसवलं, पाठीशी पानांचं रिकामं पोतं गुंडाळून दिलं. मॅनेजरनं फोन फिरवला. कर्णा आधी जोरात कुईं करून ओरडला, मग ऑफिसचं दार लावून घेतल्यावर शांत झाला. आणि आवाज आला. पण कसला? नुसती खरखर. मैदानावरचा निवेदक "सन्माननीय पाहुणे... सन्माननीय पाहुणे..." एवढंच म्हणतोय असं वाटलं. मग तेही बुडालं. बायका वैतागल्या. एक जण म्हणाली, "ह्यापेक्षा चक्कीचा आवाज बरा."

मॅनेजर फोनमध्ये ओरडला, "काही कळत नाही! काही कळत नाही!"

थोडा वेळ काहीच नाही. मग कर्ण्यातून, अगदी जवळून, आत्यांचा आवाज आला. "आगं, ऐकू येतंय का गं?"

सगळ्या शेडनं एकदम "व्हय!" केलं.

"मग ऐका. आपली पोरं डाव्या अंगाला हाईत. गिरणीवाला चढाईला गेलाय. दम चांगला धरलाय. आता त्यानं मागं यावं... मागं ये की रं! ... आला. एक मारून आला."

त्यानंतर आत्या थांबल्याच नाहीत. खेळाडूंची नावं त्या घेत नव्हत्या. गिरणीवाला, उंच पोरगं, चष्मेवाल्या मास्तरांचा धाकटा, असं म्हटलं की आम्हाला सगळं दिसायचं. मधेच माझ्यासाठीही एखादं वाक्य यायचं. "समोरच्यांनी आपली सगळी पोरं बाद करून लोण चढवलं. लई वाईट झालं. सूनबाई, पाय लांब करून बस." शेडमध्ये हशा पिकायचा आणि मी लाजून पाय लांब करायचे. घरात ज्या बाईच्या तोंडून दिवसभरात दहा वाक्यं निघत नव्हती, ती भर शहराच्या मैदानावरून आम्हा चाळीस जणींशी बोलत होती.

अक्का माझ्या शेजारी बसली होती. तिच्या हातातलं पान कधीचं तसंच होतं. समोरच्या संघात एक नावाजलेला गडी होता, त्याला कुणी धरू शकत नव्हतं. उत्तरार्धात तो पुन्हा चढाईला आला. आत्यांचा आवाज खाली गेला. "आला त्यो. डाव्या कोपऱ्याकडं निघाला. आपलं पोरगं वाकून उभं हाय, हलत न्हाय..." मग एकदम ओरडल्या, "अक्का! नी कोडुकु पट्टुकुन्नाडु! तुझ्या पोरानं धरला गं! पट काढला, आडवा पाडला!"

शेडमध्ये बायका उठून नाचायला लागल्या. अक्का उठली नाही. तिनं माझा हात हातात घेतला आणि पदरात तोंड लपवून रडली. थोड्या वेळानं कर्ण्यातून पुन्हा आवाज आला, "पोरगं उभं हाय, अक्का. काय लागलं न्हाय. धूळ झटकतोय बग." तेव्हा तिनं तोंड वर केलं.

शेवटच्या दोन-तीन मिनिटांत गुण बरोबरीला आले. "आता शेवटची चढाई," आत्या म्हणाल्या. "त्यांचा गडी येतोय. आपली चौघंच हाईत. येतोय... येतोय..." आणि आवाज बंद झाला.

कर्ण्यातून फक्त गर्दीचा गलका येत होता. कुणाच्या बाजूचा, ते कळेना. "हॅलो! बाई! हॅलो!" मॅनेजर ओरडून दमला. आम्ही सगळ्या त्याला ओरडलो. अक्का पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली, "चेप्पम्मा! सांग ना!" उत्तर नाही. खिडकीवर ठेवून दिलेल्या रिसीव्हरमधून वारा आणि माणसं, एवढंच.

अर्ध्या तासानं हे सायकलवरून आले. तोंड बघूनच कळलं. सामना एका गुणानं गेला होता.

आत्या दिवेलागणीला पोचल्या. बायका अजून पडवीतच होत्या. "शेवटाला गप का झाला?" सगळ्यांचा एकच प्रश्न.

त्या पायरीवर बसल्या. आवाज पार बसला होता. "मला वाटलं, सांगत बसली तर बगायचं ऱ्हाईल," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "पंधरा वर्सात येवढ्या जवळनं बगितला न्हवता गं. फोन ठिवला आनि बाहीर गेली. येकदम रेषेपशी." मग अक्काकडे बघून म्हणाल्या, "मिलचा साहेब आदीच उटून गेला हुता. तुझ्या पोरानं धरलं त्याच्या आदी."

अक्का म्हणाली, "मी तर ऐकलं."

आत्यांना मी गरम पाणी दिलं. त्यांनी आधी माझ्या पोटावर हात ठेवला, बाळ हललं का विचारलं, मग पाणी घेतलं. दोन दिवस त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. बोळातल्या बायका तरी येऊन शेवटची चढाई सांगा म्हणायच्या, आणि त्या नुसत्या हातांनी दाखवायच्या.

रविवारी रेडिओवर दोन मिनिटं खरंच दिली. प्रमुख पाहुण्यांचं नाव, विजयी संघाचं नाव, झालं. टपरीवर पुरुष चिडले. आमच्याकडे कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

मला वेळेवर, सुखरूप मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आलो त्या दिवशी आत्यांनी तिला सुपात ठेवून ओट्यावर आणलं. अक्काचा मुलगा मागावरून घरी येत होता. आत्यांनी त्याला हाक मारली आणि बाळाला त्याच्या हातात दिलं. एवढा मोठा गडी धरणारा तो पोरगा बाळाला घेऊन घाबरून पुतळ्यासारखा उभा राहिला. अक्का दारातून त्याच्याकडे बघत होती, आणि बराच वेळ तिनं नजर काढली नाही.