पशुखाद्याच्या कंपनीला मी नापास केलं

आमचे हे एसटीत चालक होते. निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशांतली मोठी रक्कम आम्ही बँकेत मुदत ठेवीत टाकली होती. ती ठेव पुरी झाली आणि नेमक्या त्याच आठवड्यात कोल्हारच्या पुलाजवळ चहाला जमणाऱ्या यांच्या मित्रमंडळींना शेअर बाजाराचा शोध लागला.

सकाळी फिरून आले ते चप्पल न काढताच म्हणाले, "पशुखाद्य बनवणारी एक कंपनी आहे. नफा दर वर्षी वाढतोय. आपण चार लाख टाकू."

"कंपनी बघितली का?"

"बघायची काय? गावागावात तिची पोती दिसतात."

मी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. पेपर न तपासता कुणाला पास करायची मला सवय नाही. मी पुण्याला मुलीला फोन लावला. ती एका कार्यालयात कंपन्यांचे हिशेब वाचायचं काम करते. तिने कंपनीचा वार्षिक अहवाल मोबाईलवर पाठवला आणि म्हणाली, "आई, तुला जमेल. सातवीच्या गुणोत्तर-प्रमाणापेक्षा अवघड काही नाही त्यात."

झेरॉक्सच्या दुकानात दोनशेवर पानं छापून घेतली. दुकानदाराने विचारलं, "बाई, कोर्टाची केस का?" मी म्हटलं, "नाही हो, परीक्षा आहे." कुणाची ते सांगितलं नाही.

पहिले चार दिवस फार मजेत गेले. मुलीने फोनवर एकेक गुणोत्तर समजावलं, ते मी वहीत सोडवत गेले. वर्षभरात येऊ शकणारे पैसे भागिले वर्षभरात द्यायचे पैसे, ते झालं चालू गुणोत्तर. ते दोनाच्या वर आलं. म्हणजे शंभर रुपये द्यायचे तर दोनशेची तजवीज. कर्ज भांडवलाच्या मानाने थोडं. शंभराच्या विक्रीमागे नफा चांगला. वर्गात पहिली येणारी पोरगी असावी तसं त्या कंपनीचं प्रगतिपुस्तक होतं. मी यांना सांगून टाकलं, "घ्या. हुशार आहे तुमची कंपनी." त्या दिवशी यांनी आपणहून बाजारातून वांगी आणली.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "रोख प्रवाहाचं पान बघितलंस का?"

"बघितलं की. त्यातसुद्धा मोठमोठे आकडे आहेत."

"धंद्यातून आलेली रोख किती आहे?"

मी आकडा वाचला आणि म्हटलं, "कंसात दिलाय. महत्त्वाचा असेल म्हणून."

पलीकडे ती इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "आई, हिशेबात कंस म्हणजे वजा!"

जन्मभर मुलांना 'आधी कंस सोडवा' सांगणारी मी. या कंसात सोडवायला काही नव्हतं, नुसता एक आकडा होता, म्हणून मी तो कौतुकाने वाचून पुढे गेले होते. आता पुन्हा बघितलं. तीन वर्षं नफा वाढत होता आणि तिन्ही वर्षं धंद्यातून येणारी रोख वजा होती. नफा झाला म्हणतात आणि घरात पैसा आलाच नाही, हे कसं?

त्या प्रश्नाने माझी झोपच उडवली. मुलीला विचारायचं नाही, आपलं आपण शोधायचं, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी येण्यादेण्याची पानं शेजारी शेजारी मांडली आणि सापडलं. तीन वर्षांपूर्वी शंभराच्या विक्रीतले चौदा रुपये वर्षअखेरीला यायचे राहिले होते. आता छत्तीस. दिवसांत मांडलं तर पूर्वी माल विकल्यावर पन्नासेक दिवसांत पैसे यायचे, आता एकशे तीस दिवस लागत होते. आणि गंमत अशी, की ही सगळी उधारी 'येणारे पैसे' म्हणून त्या चालू गुणोत्तराच्या वरच्या बाजूला बसली होती. उधारी जितकी तुंबेल तितकं गुणोत्तर देखणं दिसत होतं. मी ज्याला शाबासकी दिली तोच खरा दुखरा भाग निघाला.

यांना सांगितलं तर म्हणाले, "कागदावरनं काय कळतं? घोडेगावला माझा दोस्त याच कंपनीचा माल विकतो. त्यालाच विचारू."

बाजाराच्या दिवशी आम्ही निघालो. राहुरीला गाडी बदलली, शिंगणापूरवरून घोडेगाव. माझं अर्धं तिकीट. यांना मात्र प्रवासभर चालकाचा गियर टाकायचा आवाज सोसत नव्हता. घोडेगावात उतरलो तर म्हशींनी रस्ता भरलेला. शिंगांना रंग, गळ्यात नव्या दोऱ्या, आणि उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव करणारे व्यापारी. या बाजाराकडे मी आजवर गाडीच्या खिडकीतूनच बघितलं होतं. त्या दिवशी दहा मिनिटं उभी राहून बघितलं आणि लई आवडलं, असंच म्हणावंसं वाटलं.

दोस्ताचं दुकान बाजारतळाला लागूनच. हे गाडीवर असताना त्याची पार्सलं आणून देत, तेव्हापासूनची ओळख. आम्हाला बघून तो उठलाच.

"या ड्रायव्हर! वैनी, बसा. खुर्ची एकच हाय, ती तुमाला. ड्रायव्हर बसतील पोत्यावर."

दुकानामागे गोदाम होतं. दारातून आत बघितलं तर खालपासून पत्र्यापर्यंत पोतीच पोती, त्याच कंपनीची.

"एवढा माल खपतो?" मी विचारलं.

"कुठला खपतोय! मार्चात कंपनीचा मानूस आला. म्हनला, चारशे पोती उतरून घ्या, पैसं सवडीनं द्या. इकलं न्हाई तर परत नेऊ. आमाला काय, जागा हुती, घेतली उतरून."

"पैसे दिलेत?"

"इकल्यावर देनार ना वैनी! शंभर पोती गेली असतील. बाकी हाय तशी हाय."

"बिल मात्र मार्चचंच, हिशेबाचं वर्ष संपायच्या आतलं?"

"व्हय. बिल पाठवायला ते लई चपळ हायत."

मला एकदम सगळं दिसलं. आठवडाभर जो आकडा वहीत छळत होता, तो इथे पत्र्याला टेकून उभा होता. मी यांच्याकडे वळून म्हटलं, "अहो, तुम्ही ज्यावर बसलात ना, ते पोतं कंपनीच्या नफ्यात धरलंय."

हे पोत्यावरून उठले, पोत्याकडे नीट बघितलं आणि पुन्हा बसले. मग दोस्ताला म्हणाले, "म्हणजे तू घेतलंस म्हणून त्यांची विक्री झाली, आणि तुझी विक्री झालीच नाही."

"आसंच म्हना की."

"आणि असे दुकानदार किती असतील?"

"नेवाशात माझ्या व्याह्याकडं बी हेच."

चहा आला, घट्ट म्हशीच्या दुधाचा. चहा पिता पिता दोस्ताने मलाच विचारलं, "वैनी, आता माझं दुकान तपासा. पास का नापास?" मग तिथेच त्याच्या पावतीपुस्तकाच्या पाठीवर आम्ही त्याचा हिशेब मांडला. तो पास झाला, काठावर नाही, चांगला. रोखीने विकायचा आणि उधारी चार ओळखीच्या गोठेवाल्यांनाच द्यायचा. फक्त ती तीनशे पोती जागा अडवून बसली होती. त्याने आमच्यासमोरच कंपनीच्या माणसाला फोन लावून सांगितलं, "माल न्यायला गाडी पाठवा." पुढच्या पंधरवड्यात गाडी येऊन गेलीसुद्धा.

आम्ही शेअर घेतले नाहीत. पण कहाणी लगेच आमच्या बाजूने वळली असं मात्र झालं नाही. पुढचे चार महिने त्या शेअरचा भाव चढतच राहिला. चहाच्या टपरीवर यांना रोज भाव ऐकवला जायचा. घरी येऊन हे मोबाईल बघायचे आणि माझ्याकडे न बघता म्हणायचे, "आज आणखी वर." मीही मनातून हलले होते. एका दुपारी वही काढून सगळी गणितं पुन्हा केली. उत्तरं तीच आली, तेव्हा जरा धीर आला.

मग एका तिमाहीत कंपनीने परत आलेला माल हिशेबात दाखवला आणि भाव आम्ही घेणार होतो त्याच्याही निम्म्यावर आला. त्या दिवशी हे म्हणाले, "चारातले दोन लाख वाचले बाई तुझ्यामुळे." मला 'बाई' म्हणतात ते फक्त मी शिक्षिका म्हणून जिंकले की. टपरीवरच्या एकाचे थोडे पैसे बुडाले, तो घरी आला, चिडून नाही, वही बघायला. दीड तास बसला आणि रोख प्रवाहाचं पान उतरवून घेऊन गेला.

आम्ही नंतर तीन कंपन्या वाचल्या. शेवटी पाण्याच्या पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या एकीचे लाखभराचे शेअर घेतले. तिचा नफा दिमाखदार नव्हता, पण नफ्याइतकी रोख दर वर्षी आत येत होती. उरलेले पैसे पुन्हा ठेवीत. यांना ती कंपनी कंटाळवाणी वाटते. मला तिचं तेच आवडतं.

ही बातमी पसरली आणि आता मंगळवारी दुपारी मी ओसरीवर फळा मांडते आणि सहासातजणी जमतात. चर्चच्या बचतगटातल्या तिघी, शेजारच्या दोघी, आणि शिवणकाम करणारी एक. गेल्या मंगळवारी तिने मला अडवलं.

"बाई, ह्या पानावर यंत्रांच्या झिजंचा घसारा खर्चात धरलाय आन् त्या रोखीच्या पानावर परत मिळवलाय. परतच मिळवायचा हुता तर धरला कशाला?"

उत्तर माहीत होतं, पण सोपं करून सांगता येईना. मुलीला फोन लावला, तो तिने उचलला नाही. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. तेवढ्यात ती शिवणवालीच म्हणाली, "थांबा, थांबा. माझी मशीन. घेतली तवा पैसं गेलं, एकदाच. आता दर वर्साला ती झिजती, पन पैसं काय कुनाला देत न्हाई मी. झीज खरी हाय म्हनून नफ्यातनं काढायची. पैसं गेलं न्हाईत म्हनून रोखीत परत मिळवायची. आसंच ना?"

"अगदी असंच," मी म्हटलं आणि खडू तिच्या हातात दिला. पदर खोचून ती फळ्यापाशी गेली आणि बाकीच्यांना तिने ते पुन्हा एकदा, माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात, समजावून सांगितलं.